निकाल ज्याचा त्याचा

मोहल्ल्यात काय चाललंय हे कळायला पोलिसांना खबरे नेमावे लागतात. मला नुसती खिडकी उघडावी लागते. पुढच्या खोलीची भिंत फोडून मी ती खिडकी बनवून घेतली, आत कॉफीचं यंत्र बसवलं, बाहेर एक रुंद फळी ठोकली. त्या फळीवर कोपर टेकलं की माणसाला बोलल्याशिवाय राहवत नाही. मलाही राहवत नाही, हे माझ्याबद्दल कोणीही सांगेल. तरी ही हकीकत मी बरेच दिवस पोटात ठेवली होती. ज्यांची आहे त्यांना विचारलं, सगळ्यांची नावं बदलली, माझंसुद्धा बदललं, आणि मगच लिहायला बसले.

खिडकीसमोर गाड्या धुण्याची जागा आहे. माझा धाकटा भाऊ ओर्लिन आणि त्याचे दोस्त तिथेच पडलेले असतात. लग्नसराईत हे सगळे बँडवाले, एरवी गाड्या धुणारे. ओर्लिन वाजवतो तो बँडमधला सगळ्यात मोठा भोंगा, पोटावर धरायचा, गाढवाएवढ्या वजनाचा. आई गेल्यापासून त्याला मीच वाढवलं. अठ्ठावीस वर्षांचा झाला, पण त्याच्या तोंडून सलग चार वाक्यं ऐकली तर मी कॅलेंडरवर खूण करते.

त्या वसंतात शहरातून डॉक्टर वेलिकोवा आली. उंच, लाल केसांची, पायात पुरुषी बूट. तिने बिनसाखरेची कॉफी मागितली, तेव्हाच ती मला आवडेनाशी झाली.

म्हणाली, "फांकाताई, एचआयव्ही या भागातल्या तरुण पोरांमध्ये पसरतोय. आम्ही पत्रकं वाटली, भिंतीवर चित्रं लावली. काही उपयोग नाही. माणूस ऐकतो ते आपल्या माणसाचं."

"हे कळायला डॉक्टर व्हावं लागलं?" मी म्हटलं.

ती हसली. गाजो लोक, म्हणजे जे आपले नाहीत ते, आमच्या टोमण्यावर सहसा हसत नाहीत. मी तिला दुसरी कॉफी दिली.

तिचं काम साधं होतं. ओर्लिनच्या टोळीतल्या एकेकाला बाजूला घेऊन तिने विचारलं, "अडचणीत सापडलास तर कोणाकडे जातोस? कोणाचा शब्द मानतोस?" ज्याचं नाव जास्त जणांच्या तोंडी येईल त्याला शिकवायचं, आणि त्याने मग आपल्या दोस्तांशी बोलायचं. भाषण नाही, सभा नाही. रोजच्या गप्पांतून, पत्ते खेळता खेळता, गाडीत बसल्या बसल्या.

आता, त्या टोळीत श्तेर्यो आहे. ट्रंपेट वाजवतो, गळ्यात माझ्या करंगळीएवढी जाड साखळी घालतो आणि मोहल्ल्यातल्या प्रत्येक भांडणात पंच म्हणून घुसतो. आपलीच निवड होणार हे त्याने इतकं गृहीत धरलं होतं की न्हाव्याकडे जाऊन आला, नवा शर्ट घातला आणि खिडकीशी येऊन मला म्हणाला, "ताई, मला आता वेळ मिळणार नाही बरं का."

निवड झाली ओर्लिनची. श्तेर्यो सोडून सगळ्यांनी त्याचंच नाव घेतलं असणार असं आम्हाला वाटलं, आणि पुढे कळलं की श्तेर्योनेही ओर्लिनचंच घेतलं होतं.

"हा?" श्तेर्यो ओरडला. "हा बोलतो कधी? हा भोंग्यातूनसुद्धा एकच सूर काढतो!"

"म्हणून तर," डॉक्टर म्हणाली.

मला आधी कळलं नाही, मग कळलं. श्तेर्योला काही सांगितलं की संध्याकाळपर्यंत ते रुळांपलीकडच्या भाजीवाल्याला माहीत होतं. ओर्लिनला सांगितलेलं ओर्लिनकडेच राहतं. पोरं सल्ला मागायला जातात ती बडबड्याकडे नाही, ज्याच्याजवळ आपली गोष्ट सुरक्षित राहते त्याच्याकडे जातात.

दर शनिवारी तो शहरात शिकायला जाऊ लागला. परत येताना खोकं घेऊन आला. मी उघडून पाहिलं आणि किंचाळले. कंडोम! पाचशे तरी असतील.

"एवढे कशाला रे? लढाईला निघालास का?"

"तुझ्या खिडकीत ठेवायचेत, ताई."

"माझ्या? मी कॉफी विकते, गाढवा!"

"म्हणूनच. औषधाच्या दुकानात पोरं लाजतात. तुझ्याकडे तर सगळे येतात."

ठेवले. काय करणार? पहिल्या आठवड्यात कोणी फिरकलं नाही. मग एक जण आला, कॉफी घेतली, फळीकडे बघत पुटपुटला, "आणि ते." मी बशीत साखरेच्या दोन पुड्यांच्या मध्ये एक पाकीट ठेवून दिलं, त्याच्या तोंडाकडे न बघता. तेवढंच पुरलं. उन्हाळ्यापर्यंत "कॉफी आणि ते" ही माझ्याकडची नेहमीची मागणी झाली. साखर न घेणारेसुद्धा साखर मागू लागले.

आणि ओर्लिन? तो काय बोलायचा ते मी कान देऊन ऐकायचे. पत्ते वाटता वाटता म्हणायचा, "मी वापरतो. मला झोप चांगली लागते." बस्स. कोणी थट्टा केली तर पत्ता टाकायचा आणि म्हणायचा, "तुझी खेळी." मग थोड्या वेळाने कोणीतरी विचारायचंच, "अरे, पण त्याने मजा जाते ना?" आणि मग तो बोलायचा. तपासणीबद्दल, गोळ्यांबद्दल. औषध वेळेवर घेतलं तर माणूस नेहमीसारखा जगतो, त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही, हे मी त्याच्याकडूनच ऐकलं. एक गोष्ट मात्र तो सारखी सांगायचा: तपासून घ्या, आणि निकाल ज्याचा त्याचा. आपण कोणाला विचारायचं नाही, कोणाला दाखवायचा नाही. जिच्याबरोबर झोपता तिला सांगा, बाकी जगाला काय करायचंय?

तपासणीची पांढरी गाडी पहिल्यांदा आली तेव्हा ओर्लिन सगळ्यांसमोर आत गेला. त्याच्या मागून तीन-चार पोरं गेली. खूप नव्हेत, पण गेली.

उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरलं. नायदेनची मुलगी बिसेरा. नायदेन ट्रक चालवतो, बारा वर्षं ग्रीसच्या खेपा करतो आहे, आणि अब्रूच्या बाबतीत मोहल्ल्यात त्याच्या तोडीचा कोणी नाही असं तो स्वतःच सांगतो. पण ओर्लिन त्याला मनापासून आवडला होता. "मुलगा कमी बोलतो," म्हणाला, "माझ्या घरात बायकाच बोलायला पुरेशा आहेत." सप्टेंबरच्या शेवटी लग्न. मी कोकरू सांगून ठेवलं, पडदे बदलले, बिसेरासाठी आईच्या कानातल्या बाळ्या उजळून आणल्या. मला मूलबाळ नाही. या घरात पुन्हा कोणीतरी रडेल, दूध सांडेल, याची मी किती वाट बघत होते ते कोणाला सांगून कळणार नाही.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगते, कारण सगळा घोळ तिनेच घातला. आमच्यात इस्पितळात एकटं कोणी जात नाही. आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा इस्पितळाच्या आवारात आमची तीस माणसं होती. दुपारी कोणीतरी शेगडी पेटवली आणि पहारेकरी शिव्या देत धावून आला. गाजो एकटे जातात, खुर्चीत बसतात, एकटेच परत येतात. आमचं कोणी एकटं दिसलं की त्याचा एकच अर्थ: हा काहीतरी लपवतोय.

ऑगस्टमध्ये मोहल्ल्यातल्या स्तोयकाची सून पोटातलं बाळ यंत्रावर बघायला शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेली. सोबत अर्थातच सासू, आई, आत्या, बहिणी, शेजारणी. चुकून त्या भलत्याच मजल्यावर उतरल्या. आणि तिथे संसर्गजन्य रोगांच्या पाटीखाली, बाकावर, माझा भाऊ बसलेला. एकटा.

एकीने पाहिलं असतं तर मी तिला दोन कॉफ्या पाजून गप्प केलं असतं. हा सगळा तांडाच होता. संध्याकाळी ओर्लिनला काहीतरी झालेलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला एड्स होता, आणि दुपारपर्यंत स्तोयका शपथेवर सांगत होती की त्याचे केस गळू लागलेत.

माझी खिडकी ओस पडली. जे आले ते कागदी पेल्यात कॉफी मागू लागले, माझे काचेचे पेले नकोत. श्तेर्यो आला तो खिसे उलटे करत. सहा पाकिटं त्याने फळीवर टाकली.

"हे घे तुझ्या भावाचं! स्वतः आजारी पडला आणि आम्हाला अक्कल शिकवत होता!"

"तुला कोणी सांगितलं तो आजारी आहे?"

"मग एकटा काय करत होता तिथे? बाकडं पुसत होता?"

मी कपबशा धुवायला लागले, धुतलेल्याच पुन्हा.

ओर्लिन घरी आला तेव्हा मी दार लावून घेतलं. "खरं सांग."

"मला काही नाही, ताई. गेल्या महिन्यात पुन्हा तपासलंय."

मी खुर्चीवर बसले. आणि लगेच मला राग आला. "मग तिथे कशाला कडमडलास?"

"कोणाबरोबर तरी गेलो होतो. तो आत डॉक्टरकडे होता, मी बाहेर थांबलो."

"कोण?"

तो बूट काढायला खाली वाकला.

"मला तरी सांग. मी काय वैरीण आहे?"

"ताई, तू वैरीण नाहीस. तू खिडकी आहेस."

मी त्याच्यावर फडकं फेकून मारलं. पण तो खरं तेच बोलत होता, आणि त्याचंच जास्त लागलं.

"बरं, नाव सांगू नकोस. लोकांना एवढंच सांग की दुसऱ्याबरोबर गेलो होतो."

"त्या दिवशी सकाळी बँडमधलं कोण मोहल्ल्यात नव्हतं, हे शोधायला लोकांना किती वेळ लागेल?"

पाव तास, मी मनात म्हटलं. स्तोयकाला तेवढाही नाही.

त्याच रविवारी नायदेन आला. आत बसला नाही, उंबऱ्यातच उभा राहिला. टोपी काढली नाही.

"पुढच्या शनिवारी ती गाडी येतेय," तो म्हणाला. "ओर्लिनने सगळ्यांसमोर आत जायचं. बाहेर आला की निकाल सांगायचा. मला, मोठ्याने. नीट निघाला तर लग्न. नाही सांगितला, तर माझी मुलगी माझ्या घरी."

मला तर सुटल्यासारखं झालं. एवढंच ना! पोराला काही नव्हतंच. आत जायचं, बाहेर यायचं, दोन शब्द बोलायचे, आणि स्तोयकाच्या तोंडाला कुलूप. मी नायदेनला मोठ्या हौसेने म्हटलं, "सांगेल, दादा, का नाही सांगणार?"

"नाही सांगणार," मागून ओर्लिन म्हणाला.

नायदेन गेल्यावर मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारची खिडकी बंद झाली एवढं सांगते. तो ऐकून घेत होता. मी दमले तेव्हा म्हणाला, "ताई, मी शनिवारी सांगितलं की पुढच्या शनिवारी प्रत्येकाला सांगावं लागेल. नायदेनकाका प्रत्येक जावयाला उभं करतील, प्रत्येक बाप करेल. मग जो सांगू शकत नाही त्याचं काय? तो आतच जाणार नाही. कधीच जाणार नाही. गोळ्या असूनसुद्धा मरेल."

"आणि बिसेरा?"

"बिसेराला मी सांगितलंय. तिचा हक्क आहे."

"आणि मी? हे पडदे? ते कोकरू?"

तो माझ्याजवळ येऊन बसला आणि माझा हात हातात घेतला. लहानपणी ताप आला की घ्यायचा तसा. मी खूप रडले. त्याच्यासाठी रडले, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठी जास्त.

शनिवारी सगळा मोहल्ला गाड्या धुण्याच्या जागेवर हजर होता. लग्नालासुद्धा इतकी माणसं वेळेवर येत नाहीत. सूर्यफुलाच्या बिया फोडत, पोरं खांद्यावर घेऊन, कोणी घरातून खुर्च्या आणलेल्या. नायदेन हाताची घडी घालून उभा, शेजारी त्याची बायको साबकावहिनी, मागे बिसेरा. पांढऱ्या गाडीच्या पायरीवर डॉक्टर वेलिकोवा उभी होती. एवढी गर्दी बघून बिचारीला बरं वाटलं असावं. तिला काय माहीत, हे सगळे एका माणसासाठी जमलेत.

ओर्लिन आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला. बिया फोडण्याचा आवाज थांबला.

"बोल," नायदेन म्हणाला.

"तपासलं, काका. निकाल माझा आहे."

"माझी मुलगी तुझ्या घरी येणार आहे!"

"तिला सांगितलंय."

नायदेनने डॉक्टरकडे पाहिलं. तिने मान हलवली, "मी कोणाचाही निकाल कोणालाही सांगत नाही." मग तो बिसेराकडे वळला. "काय सांगितलंय याने तुला?"

बिसेरा एकोणीस वर्षांची आहे. बापासमोर ती वर मान करून बोलल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "ते आमच्या दोघांतलं आहे, बाबा."

"ठीक. लग्न मोडलं. चल घरी."

लोक कुजबुजायला लागले. स्तोयकाने तर हातच जोडले, देवाने आपलं ऐकलं म्हणून. बिसेरा बापाच्या मागून दोन पावलं चालली आणि थांबली.

"बाबा, मी त्याच्या घरी जाणार म्हणून तुम्ही त्याचं विचारता. मग तोही माझ्याच घरच्यांत येणार. माझं कोणी विचारायचं?"

आणि वळून सरळ त्या गाडीत चढली.

आमच्याकडे लग्नाआधी मुलीने त्या गाडीच्या सावलीलासुद्धा उभं राहायचं नसतं. उभी राहिली तर लोक विचारतात, हिला का गरज पडली? दार बंद झालं आणि बायकांच्या घोळक्यातून एक मोठा श्वास ऐकू आला. साबकावहिनीने डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढून घेतला. नायदेनचा चेहरा मला बघवेना.

पोर आत एकटी होती. माझ्या डोक्यात तेवढंच आलं, की ती आत एकटी आहे. दुसरं काही सुचलं नाही हो. मी हात पुसले, खिडकी उघडीच टाकली, आणि जाऊन पायरीशी उभी राहिले. "मी हिच्या सोबतीला," मी म्हटलं. डॉक्टर म्हणाली, "एका वेळी एकच जण." मी म्हटलं, "मग मी पुढची. सोबत म्हणजे सोबत."

माझ्या मागे पावलं वाजली. पाहिलं तर साबकावहिनी. तिच्या मागे तिची बहीण. मग बँडमधला ढोलवाला, त्याच्या आईला घेऊन. म्हातारीला गर्दी दिसली की रांगेत उभं राहायची सवय, तिला बिचारीला कशाची रांग तेही माहीत नव्हतं. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला न ढकलता, श्तेर्यो. मागे जाऊन उभा राहिला आणि ओरडायला लागला, "रांग धरा रे, रांग! लहान पोरांना बाजूला घ्या! आजी, खुर्ची घे!" त्याला पंच होण्यापासून कोण थांबवणार?

बिसेरा बाहेर आली. पायरीवर उभी राहिली, बापाच्या डोळ्यांत बघत.

"विचारा, बाबा. सगळ्यांसमोर विचारा."

आणि नायदेनला विचारता येईना. आपल्याच मुलीला, भर चौकात, स्तोयकाच्या देखत? त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. ओर्लिनला हेच विचारायची तो आठवडाभर तयारी करत होता. कोणी हसलं नाही. मला हसायचं होतं, पण त्याच्याकडे बघून हसू आलं नाही.

मी आत गेले, बोट टोचून घेतलं, बाहेर आले. काय निघालं ते विचारू नका. साबकावहिनी आत जाऊन आली. मग तिने नवऱ्याला दंडाला धरलं.

"आता तू."

"मी कशाला? वेडी झालीस?"

"बारा वर्षं ग्रीसला गाडी हाकतोस. वाटेत काय चर्चमध्ये झोपतोस? चल."

लोक खदाखदा हसले. नायदेनही हसला, हसण्यावारी न्यायला बघत होता, पण बायकोने सोडलं नाही. टोपी नीट करत तो आत गेला.

तो बाहेर यायला बराच वेळ लागला. श्तेर्योने रांगेतून आरोळी दिली, "काय काका, काय निघालं?" पुन्हा हशा. नायदेनने कोणाकडे पाहिलं नाही. पायऱ्या उतरला, ओर्लिनसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "लग्न ठरल्या दिवशी होईल." मग एकटाच घराकडे चालू लागला.

आम्ही सगळे ओरडलो, टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ट्रंपेट आणायला पळालं. मी रडत रडत सगळ्यांना फुकट कॉफी देत होते, काचेच्या पेल्यांतून, आणि सगळे पीत होते. डॉक्टरकडच्या तपासणीच्या पट्ट्या संपल्या. नायदेन हरला म्हणून निघून गेला, असंच मला वाटलं. मनातल्या मनात मी त्याला थोडं चिडवूनही घेतलं.

सोमवारी सकाळी मी खिडकी उघडली तर फळीपाशी नायदेन उभा. दाढी न केलेला. कॉफी दिली, त्याने घेतली नाही.

"ओर्लिन आहे का? त्याच्याकडे बँडची गाडी आहे ना? मला शहरात जायचंय." मग फळीवरचं साखरेचं डबडं इकडून तिकडे सरकवत म्हणाला, "डॉक्टरीण म्हणाली, मोठ्या इस्पितळात रक्त पुन्हा तपासायचं. खात्री करून घ्यायला."

फांकाला शब्द सुचला नाही, हे मोहल्ल्यात कोणाला खरं वाटणार नाही. दोन दिवस हा माणूस ते सगळं एकटाच मनात घेऊन घरात बसला होता. आणि येऊन येऊन आला कोणाकडे?

ओर्लिन मागच्या खोलीतून आला. त्याने सगळं ऐकलं होतं. कोट चढवत म्हणाला, "येतो, काका. गोळ्या आहेत. वेळेवर घेतल्या की काही होत नाही. म्हातारे व्हाल, नातवंडांना शिव्या द्याल."

नायदेनने मान डोलावली.

"पण काकूंना घेऊन जाऊ," ओर्लिन म्हणाला.

"नाही! तिला काही कळता कामा नये. तू सांगितलंस तर..."

"मी नाही सांगणार. मी कधीच नाही सांगणार, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सांगायचं. गाडीत सांगा. मी समोर बघून गाडी चालवेन."

नायदेन फळी धरून उभा राहिला. मला वाटलं, हा आता माझ्या भावावर हात टाकणार. नाहीतर निघून जाणार, आणि मग इस्पितळही नाही, गोळ्याही नाहीत. तो निघालाच, घराच्या दिशेने. ओर्लिन गाडी काढून रस्त्याकडेला लावून बसला. मी दोनदा म्हटलं, "नाही यायचा तो."

बऱ्याच वेळाने दोघं येताना दिसले. साबकावहिनीने सांगायला गाडीपर्यंत थांबू दिलं नव्हतं त्याला, घरातच सगळं वदवून घेतलं होतं; तिचे डोळे सुजून लाल झाले होते. तिच्या गालावर पावडर होती, ती धड लागलेली नव्हती. मी काही विचारलं नाही. नायदेन तिच्या चार पावलं मागे, रस्त्याच्या मधोमध थांबलेला, यावं की येऊ नये हे न कळून. वहिनी आधी गाडीत चढली. बाकावर ओर्लिनचा भोंगा पडला होता. तिने तो दोन्ही हातांनी पलीकडे ढकलला, आपली पिशवी मांडीवर घेतली, आणि नवऱ्याला शेजारी जागा करून दिली.